मंडळाच्या स्मरणिकांसाठी सर्व्हरवर सर्च इंजिन बसवतोय: 'ठाणे' शोधलं तर 'ठाण्यात' सापडत नाही

तलावपाळी | शनिवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमच्या वसाहतीचं गणेशोत्सव मंडळ आहे. १९७१ ते २०२४ दरवर्षी स्मरणिका निघाली. मधली तीन वर्षं हुकली, दोन करोनाची आणि एक भांडणाची. म्हणजे ५१ अंक, साधारण ३,४०० पानं. बहुतेक स्कॅन करून ओसीआर केली आहेत (म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर केला आहे), काहींच्या पीडीएफ आयत्या होत्या. आता एका चौकटीत शब्द टाकला की कुठल्या अंकात, कुठल्या पानावर तो आहे हे दिसावं, एवढीच अपेक्षा.

मशीन म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप. ४ जीबी रॅम, डेबियन १२. त्याच्यावरच फोटोंसाठी नेक्स्टक्लाउड आणि त्याचा डेटाबेस चालतो.

यूट्यूबवर बघून इलास्टिकसर्च या सर्च इंजिनची टार फाइल (सगळ्या फाइलींचं गाठोडं) उतरवली. आधी रूटवरून (सर्वाधिकारी युजर) चालेना, वेगळा युजर केला. मग 'मॅक्स मॅप काउंट ६५५३० आहे, किमान २६२१४४ हवा' असं म्हणून बंद पडलं. तो आकडा सिसीटीएल या कमांडने वाढवला. चालू झालं, आनंद झाला, आणि वीस मिनिटांत गायब. लॉगमध्ये एरर नाही, निरोप नाही, काही नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा गेलं.

(मोबाइलवरून टंकतोय, कमांडसुद्धा नागरीतच लिहिणार. समजून घ्या.)

ऐरोली_रात्रपाळी | रविवार, पहाटे २.१०

निरोप न देता जातं म्हणजे कर्नलने, लिनक्सच्या गाभ्याने, मारलंय. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा आणि 'आउट ऑफ मेमरी' शोधा. खाली 'किल्ड प्रोसेस' आणि जावाचं नाव दिसेल, इलास्टिकसर्च त्यावरच चालतं. मरणाऱ्याला लॉग लिहायला वेळ मिळत नाही, म्हणून लॉग स्वच्छ.

एक विचारतो. नेटवर्क होस्टला चार शून्यं दिलीत का, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावलंत का? कारण तो मॅप काउंट लोकलहोस्टवर (फक्त त्याच मशीनपुरतं) नुसता इशारा असतो. बाहेरच्या पत्त्यावर ऐकायला लावलं की इलास्टिकसर्च समजतं, हा खरा सर्व्हर आहे, आणि त्या तपासण्या सक्तीच्या होतात.

दुसरं, सिसीटीएलने दिलेला आकडा रीबूटला उडतो. ईटीसीमधल्या सिसीटीएल-डी फोल्डरमध्ये फाइल करून ठेवा.

तलावपाळी | रविवार, सकाळी ९.३०

डीमेसेजमध्ये अगदी तेच आहे. दोनदा.

हो, चार शून्यं दिलीत. घरून बघता यावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर प्रमाणपत्राचा वैताग आला म्हणून सिक्युरिटीपण फॉल्स केली आहे. राउटरवर ९२०० पोर्ट उघडलं आहे.

ऐरोली_रात्रपाळी | रविवार, सकाळी ९.३४

अहो, आधी ते पोर्ट बंद करा. चहा नंतर प्या.

जुलै २०२० मध्ये असेच पासवर्ड नसलेले हजारो डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले होते आणि जागी नुसतं 'म्यांव' लिहून ठेवलं होतं. खंडणी नाही, काही नाही. बहुतेक इलास्टिकसर्च आणि मोंगोडीबी. आठव्या आवृत्तीपासून पासवर्ड आणि टीएलएस (कूटबद्ध जोडणी) आपोआप चालू करून देतात, आणि लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ते बंद करतात. घरून बघायचं असेल तर एसएसएचचा बोगदा (सुरक्षित दूरजोडणीतून वाट) काढा.

सीवूड्स_स्लो | रविवार, सकाळी १०.०५

३,४०० पानांसाठी इलास्टिकसर्च म्हणजे कोपरीला जायला विमान. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस-५ (त्याचा शोधाचा भाग) वापरा. एक फाइल, सर्व्हर नाही, मरायला प्रोसेसच नाही.

शुद्धलेखनवाली | रविवार, सकाळी १०.४०

@सीवूड्स_स्लो, यात मी महिनाभर पोळले आहे म्हणून सांगते. एफटीएस-५चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या लेखी आपल्या काना-मात्रा-वेलांट्या अक्षरं नाहीत, त्या 'मार्क' या वेगळ्या वर्गात येतात. त्यामुळे 'पाणी' टाकलं की 'प' आणि 'ण' असे दोन शब्द इंडेक्समध्ये जातात. 'पाणी' शोधलं की सापडतं खरं, कारण शोधाचेही तसेच तुकडे होतात. मग 'प' आणि 'ण' असेच तुकडे होणारे 'पुणे', 'पेण' सगळेच येतात. मला वाटायचं शोध फार उदार आहे.

टेबल बनवतानाच कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी हे 'मार्क'चे दोन पोटवर्ग जोडले की हे थांबतं. कुठल्याही ट्युटोरियलमध्ये नाही, कारण ट्युटोरियल लिहिणाऱ्यांना मात्रा नसतात.

सीवूड्स_स्लो | रविवार, सकाळी १०.५२

हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीचा इतिवृत्तांचा शोध दोन वर्षं असाच चालू आहे. कुणी तक्रार केली नाही, म्हणजे कुणी वापरतच नसणार.

बीएसडीकाका | रविवार, दुपारी १.१५

लिनक्सशिवाय जग आहे हे सांगायला आलो. माझ्याकडे वाशीला फ्री-बीएसडीवर झेपियन आहे. शोधाची सी प्लस प्लसमधली लायब्ररी, जावा नाही, पाठीमागे बसून रॅम खाणारं काही नाही. पीकेजी इन्स्टॉल केलं की झालं. जावावालं काही बसवायचंच असेल तर ओपन-जेडीके टाकल्यावर येणारा संदेश वाचा, एफडेस्क-एफएस आणि प्रॉक-एफएस माउंट करायला सांगतो. लोक तो वाचत नाहीत आणि मग मला फोन करतात.

मराठीचा स्टेमर (प्रत्यय कापून शब्दाचं मूळ काढणारा) मात्र झेपियनमध्येही नाही. ते दुखणं सगळीकडे सारखं.

ऐरोली_रात्रपाळी | रविवार, दुपारी ४.२०

झोप झाली. आता सविस्तर.

माझं मत सोलर या सर्च इंजिनला. इलास्टिकसर्च आणि सोलर दोघांच्या पोटात ल्युसीनच आहे. डग कटिंगने १९९९ मध्ये लिहिलेली जावाची लायब्ररी (नाव बायकोच्या मधल्या नावावरून). शोधाची अक्कल ल्युसीनची, बाकी दोघांनी वर दुकान थाटलंय. सोलर थोडं जुनाट दिसतं, पण लहान मशीनवर शांत बसतं. डिफॉल्ट हीप (जावाला दिलेली रॅम) ५१२ एमबी, तुमच्या पानांना भरपूर झाला. हीप वाढवायचा मोह टाळा. ल्युसीन इंडेक्सच्या फाइल मेमरी-मॅप करून वाचतं, म्हणजे मोकळी रॅम कर्नलच्या कॅशेकडे राहिली तर शोध जास्त वेगाने होतो. जावाला सगळी रॅम देणं म्हणजे स्वयंपाकघर वाढवताना जेवायची खोली पाडणं.

क्रम असा. एपीटीने ओपन-जेडीके १७ची हेडलेस जेआरई (जावा चालवण्यापुरतं सामान). सोलर नऊला जावा ११ किंवा वरचं चालतं, डेबियन १२ मध्ये १७ तयार मिळतं. मग अपाचेच्या साइटवरून सोलरची टार फाइल, आणि तिची एसएचए-५१२ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी) ताडून पाहा. त्या टारमधून फक्त 'इन्स्टॉल सोलर सर्व्हिस' ही स्क्रिप्ट बाहेर काढा आणि तिला तीच टार फाइल खायला घाला, सुडोने (रूटच्या अधिकाराने). ती स्वतः 'सोलर' नावाचा युजर करते, प्रोग्राम ऑप्टमध्ये ठेवते, डेटा व्हारमध्ये, सेटिंगची फाइल ईटीसी-डिफॉल्टमध्ये. प्रोग्राम आणि डेटा वेगळे राहिल्यामुळे पुढे आवृत्ती बदलताना इंडेक्सला हात लागत नाही. टार होम फोल्डरमध्ये उघडून तिथूनच चालवणारे लोक इथेच फसतात.

चालू झाल्यावर उघड्या फाइलींची मर्यादा ६५,००० हवी अशी कुरकुर करेल. तुमच्या आकाराला फरक पडत नाही, पण करून टाका. कोअर (इंडेक्स आणि त्याची मांडणी) बनवताना सुडोला सोलर युजरचं नाव द्या. रूटने केलं तर आधी नकार देतं, आणि फोर्स लावून केलंत तर फोल्डर रूटच्या मालकीचं होतं. मग सोलरलाच स्वतःच्या घरात लिहिता येत नाही.

नवव्या आवृत्तीपासून ८९८३ पोर्ट फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. ते तसंच असू द्या. सोलरला आपणहून पासवर्ड नसतो. पुढे तुमचं छोटं पान ठेवा, लोकांनी त्या पानाशी बोलायचं, पानाने सोलरशी.

खाडीवारा | रविवार, सायं. ६.०२

मिलीसर्चचं नाव कुणी घेतलं नाही. रस्ट भाषेतली एकच बायनरी, पाच मिनिटांत चालू, टंकायच्या चुका पण सांभाळून घेतं.

शुद्धलेखनवाली | रविवार, सायं. ६.४५

चुका सांभाळतं, पण पाच अक्षरांपासून पुढच्या शब्दांना. 'ठाणे' म्हणजे ठ, काना, ण, मात्रा. चार. ठाणेकरांना सवलत नाही :)

तलावपाळी | बुधवार, रात्री १०.१८

सोलर बसलं! अर्ध्या तासात. काल कार्यकारिणीत सांगितलं की सोलर बसवलं, तर खजिनदारांनी विचारलं, गच्चीवर किती जागा जाईल आणि सबसिडी मिळाली का. दहा मिनिटं मी शोधाबद्दल बोलत होतो आणि ते वीजबिलाबद्दल.

आता दोन अडचणी. पहिल्या २३ अंकांची पानं गेली, चोविसाव्याला सोलरने 'फॉर इनपुट स्ट्रिंग' म्हणून नकार दिला. आणि जी गेली ती शोधली तर शून्य.

ऐरोली_रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.५५

चोविसाव्या अंकावर वर्ष कसं लिहिलंय? '१९९४-९५' असणार. पैज.

डिफॉल्ट मांडणीत सोलर फील्डचा प्रकार स्वतः ओळखतं. पहिल्या पानावर १९७१ पाहिलं, 'वर्ष' म्हणजे आकडा असं ठरवून टाकलं. मग जोडवर्ष आलं आणि बिनसलं. ही ओळखण्याची सोय खेळण्यापुरती आहे. बंद करा, कोअर पुसून पुन्हा करा, फील्ड हाताने लिहा. वर्ष स्ट्रिंग, पान क्रमांक आकडा, मजकूर टेक्स्ट. पाच ओळींचं काम आहे.

शून्याचं कारण कमिट. पानं पोचली आहेत, नोंदवहीत आहेत, पण शोधणाऱ्याला अजून नवी प्रत उघडून दिलेली नाही. पाठवताना शेवटी कमिट इक्वल टू ट्रू लावा. प्रत्येक पानाला नको, सगळी गेल्यावर एकदा.

तलावपाळी | गुरुवार, सकाळी ७.४०

'१९९४-९५'च होतं. त्या वर्षी अंक माघी गणपतीला निघाला. तुम्हाला कसं कळलं?

ऐरोली_रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ७.४४

सगळ्या मंडळांचं कधीतरी उशिरा निघतं.

तलावपाळी | शनिवार, रात्री ९.०५

आता खरा प्रश्न. 'ठाणे' शोधलं, ११२ पानं. 'ठाण्यात' शोधलं, ३४०. 'ठाण्याच्या' वेगळी. 'पाणी' टाकलं तर 'पाण्याची टंचाई' हा १९८३चा आख्खा लेख येत नाही, आणि आमच्या वसाहतीचा निम्मा इतिहास पाण्याचाच आहे. सोलरमध्ये हिंदीचा तयार प्रकार दिसतोय, तो लावू का?

शुद्धलेखनवाली | शनिवार, रात्री १०.३०

हा माझा विषय, जरा लांबेल.

ल्युसीनमध्ये हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. हिंदीचा स्टेमर हिंदीचे प्रत्यय कापतो. हिंदीत 'ठाणे में' असे दोन शब्द सुटे असतात. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो, आणि चिकटवण्याआधी शब्दाचं सामान्यरूप करतो. ठाणे, ठाण्या, ठाण्यात. म्हणजे नुसतं 'त' कापून भागत नाही, 'ठाण्या'पासून 'ठाणे'पर्यंत परत यावं लागतं. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना वाटायचं, याचा उपयोग काय. हा.

मी असं करते. सोलरच्या आत न करता पायथनच्या वीस-पंचवीस ओळींत करते आणि 'मूळ' नावाच्या वेगळ्या फील्डमध्ये टाकते. शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून जातो. आधी मोठे प्रत्यय: पर्यंत, पासून, मध्ये, साठी, मुळे, कडून, च्या. मग लहान: ला, ने, चा, ची, चे, त. एकच कापायचा, आणि कापून किमान तीन चिन्हं उरली पाहिजेत. त्यानंतर शेवटी '्या' किंवा 'ां' किंवा नुसता काना, मात्रा, वेलांटी असेल तर तेही काढायचं. ठाणे, ठाण्यात, ठाण्याच्या तिन्हींचं 'ठाण' होतं. पाणी आणि पाण्याची दोन्हींचं 'पाण'. दिसायला शब्द अर्धवट, पण तो वाचायला नाहीच, जुळवायला आहे.

'त' नुसता कापू नका. त्याच्याआधी काना किंवा मात्रा असेल तरच. नाहीतर 'भारत'चा 'भार' होतो. (तरीही 'गुजरात'चा 'गुजर' होतोच.)

नियमाने न येणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा आणि तिला आधी विचारा. पाऊस-पावसात, देऊळ-देवळात, भाऊ-भावाने. पाऊसचं मूळ मी 'पावस' धरते, रत्नागिरीकडच्या लोकांनी माफ करावं.

आता हिंदीच्या सामानातलं एक घ्या: हिंदी नॉर्मलायझेशनची गाळणी. ती दीर्घाचं ह्रस्व करते, नुक्ता आणि शून्य रुंदीचे जोडक काढते. बनवली हिंदीतल्या लेखनभेदांसाठी, पण आपल्याला भलतीच उपयोगी, कारण सामान्यरूपात आपला दीर्घ ह्रस्व होतो. फूल-फुलाला, मूल-मुलाला, सून-सुनेला. सूत आणि सुत एक होतात, पण स्मरणिकेत सुत किती वेळा येणार? 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो, तो घोळही इथेच मिटतो. फक्त एक: ही गाळणी हलन्तही काढते, म्हणून 'ठाण्यात'चं 'ठाणयात' होतं. तेव्हा आधी माझं कापणं, मग गाळणी. उलटं केलंत तर '्या' सापडणारच नाही.

आणि अंकांची गाळणी लावा, डेसिमल डिजिट नावाची. म्हणजे नागरी आकड्यांतलं १९८३ आणि इंग्रजी आकड्यांतलं एकच होईल.

बीएसडीकाका | शनिवार, रात्री १०.५८

वाचनखूण साठवली. हे झेपियनलाही लावता येईल.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ११.२०

@शुद्धलेखनवाली ताई, साष्टांग. 'पाणी' आता २०६ पानं देतं आणि १९८३चा लेख वर आहे. शब्द जसाच्या तसा जुळला तर तिप्पट वजन, 'मूळ' जुळलं तर एकपट, असं ठेवलंय.

पण 'महिला' शोधलं की काहीतरी विचित्रच येतं, आणि 'महिलांसाठी हळदीकुंकू' येत नाही.

शुद्धलेखनवाली | बुधवार, सकाळी ८.१५

माझ्या नियमाने 'महिला'तला 'ला' प्रत्यय समजून कापला, उरलं 'महि', मग 'मह'. आणि 'महिलांसाठी'चं झालं 'महिल'. दोघींची भेट होणार कशी. यादीत घाला: महिला बरोबर महिल. 'ला' आणि 'चे'वर संपणारे सगळे मूळ शब्द एकदा इंडेक्समधून काढून चाळा. कंटाळवाणं आहे, तासाभराचं आहे.

तलावपाळी | शुक्रवार, दुपारी ३.३०

आज वीज नव्हती, यूपीएस दहा मिनिटांत बसला. मशीन धाडकन बंद. घाबरत चालू केलं, सोलरने व्यवहाराच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि सगळं जागच्या जागी.

एक नवीन सापडलं. १९९८ ते २००९चे अंक मुळात पेजमेकरमधून केलेले, पीडीएफ आयत्या मिळाल्या म्हणून ते ओसीआर केले नव्हते. त्यांतला एकही शब्द सापडत नाही. आत पाहिलं तर नुसता इंग्रजी कचरा.

सीवूड्स_स्लो | शुक्रवार, दुपारी ४.१०

जुने फॉन्ट. पडद्यावर मराठी, पोटात रोमन अक्षरं. सरकारी परिपत्रकांत आम्ही हेच भोगतो. ओसीआर-माय-पीडीएफला मराठी भाषा द्या आणि 'फोर्स' लावा. फोर्सशिवाय ते म्हणतं, पानावर मजकूर आहेच की. त्याला काय माहीत तो कसला.

तलावपाळी | रविवार, रात्री ८.४५

झाले. छापील अंकांपेक्षा हे फार स्वच्छ निघाले. १९७१ ते ८५च्या खिळ्यांच्या छपाईत टेसरॅक्ट (ओसीआर करणारा प्रोग्राम) 'ख'ला 'रव' वाचतं आणि 'ध'ला 'घ'. 'भातसा घरण' सात वेळा. तिथे एका चुकीची सूट देऊन शोधायची वेगळी टिचकी ठेवली आहे. सगळीकडे दिली तर 'पाणी' शोधताना 'वाणी'पण येतात. आणि आमच्या जाहिरातींत वाणी भरपूर आहेत.

प्रत्ययांत 'कर' पण घातला, 'ठाणेकर' सापडावं म्हणून. आज मंडळाच्या खोलीत पहिल्यांदा सगळ्यांना दाखवलं. एका काकांनी दिवा स्टेशनबद्दल आपण काय लिहिलं होतं ते बघू म्हणून 'दिवा' टाकलं. पडद्यावर एकामागून एक आमच्या वसाहतीतले सगळे दिवाकर. पहिलाच फोटो माजी अध्यक्षांचा, आणि ते मागेच उभे होते.

'कर' काढून टाकू की दिवाकर यादीत घालू?

शुद्धलेखनवाली | रविवार, रात्री ८.५८

यादीत घाला. मधुकर, सुधाकर, प्रभाकर आणि रत्नाकरपण, आत्ताच.